जमिनीत मुरलेलं पेट्रोल साफ करणाऱ्या कंपनीचा अनुभव: तपासणी पैकीच्या पैकी, सफाई काठावर पास

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, त्यांचं थोडं काम अजून बाकी आहे आणि मला ते गोडीगुलाबीनं करून घ्यायचंय. जागा म्हणजे पूर्वी पेट्रोल पंप होता असा प्लॉट. जमिनीत स्टीलच्या दोन जुन्या टाक्या होत्या, त्या काढल्या तर एकीचा तळ गंजून चाळणी झालेला, खालची माती राखाडी आणि वास असा की दहा मिनिटांत डोकं धरलं.

यांच्या आधी एकजण येऊन गेला होता, त्याचं म्हणणं सगळी माती उचलू, खड्डा भरू, विषय संपला. मला पण तेच बरं वाटलेलं, खोटं कशाला बोलू. या कंपनीच्या इंजिनिअर बाईंनी मात्र आल्या आल्या विचारलं, इथं पाणी किती खाली लागतं? कोणालाच माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "सर, पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते झिरपत पाण्यापर्यंत पोचतं आणि वर तरंगत पसरतं, त्यातलं बेंझीन नावाचं विषारी रसायन पाण्यात विरघळून पुढे चालायला लागतं. वरची माती काढाल, खालून गेलेलं कुठं शोधणार?" तिथंच मी पहिल्या माणसाला नाही कळवलं.

तपासणीचं काम खरंच बघण्यासारखं होतं. छोटं मशीन नळी जमिनीत ठोकत जातं आणि माती आतल्या प्लास्टिकच्या नळीत अख्खीच्या अख्खी वर येते, ती कापून थोडी थोडी पिशवीत बंद करायची आणि जरा वेळानं आत पीआयडी मीटरचं टोक घालायचं, मग मातीतून किती वाफ सुटते त्याचा आकडा येतो. मला वाटलं जिथं आकडा मोठा तेवढीच माती लॅबला जाणार, पण यांनी त्याच्या खालची चांगली वाटणारी माती पण पाठवली, कारण घाण कुठं संपते तेही कळायला हवं ना.

मग पाण्यासाठी बोअर. कमीत कमी तीन लागतातच, तीन ठिकाणची पाण्याची पातळी कळल्याशिवाय पाणी कुठल्या बाजूला वाहतंय हे काढता येत नाही, आणि त्यासाठी प्रत्येक बोअरच्या तोंडाची उंची अगदी मिलिमीटरपर्यंत मोजली. रस्त्याचा उतार आहे तिकडंच पाणी जात असणार असं मी छातीठोकपणे सांगत होतो आणि हट्टानं चौथा बोअर तिथं घ्यायला लावला. पाणी निघालं भलतीकडंच जाणारं, माझा बोअर कोरा करकरीत स्वच्छ. त्याचे पैसे मीच भरले, कोणाला बोलणार.

नमुने घेणाऱ्या पोराला तर वेगळे पाच स्टार. ४० मिलीची काचेची बाटली, पाणी तोंडाशी फुगून उभं राहील इतकी भरायची, झाकण लावायचं, उलटी करून टिचकी मारायची आणि आत एक जरी बुडबुडा दिसला तर ती फेकून नवी भरायची, कारण बेंझीन पाण्यातून निघून त्या बुडबुड्यात जाऊन बसतं आणि लॅबमध्ये आकडा उगाच कमी दिसतो. भर उन्हात एका नमुन्यासाठी त्यानं तिसरी बाटली घेतली, वैतागला नाही. सोबत लॅबनं भरून दिलेली शुद्ध पाण्याची एक बाटली पण फिरत होती, ती न उघडता परत जाते, वाटेत काही शिरलं तर तिच्यात पकडलं जातं.

रिपोर्ट आला आणि माझी झोप उडाली. पिण्याच्या पाण्यात बेंझीन लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अमेरिकेत तर मर्यादा ५ ची आहे, आमच्या टाकीजवळच्या बोअरला आकडा हजारांत. सगळ्यात लांबच्या बोअरमध्ये बेंझीन नाही पण एमटीबीई सापडलं. हे पेट्रोलमध्ये ऑक्टेन वाढवायला घालतात, ते पाण्यात भरपूर विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि जिवाणूंनाही लवकर पचत नाही, म्हणून सगळ्यांच्या पुढे पळतं. टाकीजवळच्या बोअरमध्ये पाण्यावर वीतभर पेट्रोल तरंगताना दिसलं तेव्हा मी लगेच मनात प्लॉटच्या क्षेत्रफळानं गुणाकार करून हबकलो होतो, बाईंनीच समजावलं की बोअरमध्ये दिसणारी जाडी फसवी असते, मातीत तेवढं नसतं.

इथपर्यंत पाचपैकी पाच. गाडी घसरली सफाईला.

पद्धत योग्यच होती. पाण्याच्या वरच्या मातीतून ब्लोअरनं वाफ ओढून घ्यायची, खाली पाण्यात हवा सोडायची म्हणजे विरघळलेलं वर येतं, आणि ओढलेली हवा कार्बनच्या ड्रममधून गाळून बाहेर. पण कार्बन भरला की बदलावा लागतो आणि तो यांनी वेळेवर बदलला नाही, पाइपातून पेट्रोलचा वास यायला लागल्यावर मीच फोन केला, एकदा नाही, तीनदा. ब्लोअरची घरघर रात्रभर, ती वेगळीच.

खरा राग पुढे आहे. सहा महिन्यांनी आकडे छान खाली आले, लगेच काम पूर्ण झाल्याचा रिपोर्ट आणि शेवटचं बिल. आता हे नमुने घेतले कधी, तर मशीन चालू असताना! यांच्याच पहिल्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं की मशीन बंद केल्यावर काही महिने थांबून परत मोजायचं. मी बिल अडवलं, मशीन बंद करायला लावलं, तीन महिन्यांनी मोजलं तर बेंझीन परत वर. याला ते रिबाउंड म्हणतात. आमच्याकडे मधे चिकणमातीचा थर आहे, हवा वाळूतून सोपी वाट काढून निघून जाते आणि चिकणमातीत मुरलेलं पेट्रोल सावकाश बाहेर येत राहतं. शिवाय पाणी वरखाली होताना पेट्रोल त्या सगळ्या उंचीत माखून बसतं, आणि पाणी वर चढलं की तो पट्टा बुडतो, मग वाफ ओढून तिथलं काय निघणार? ही चिकणमाती त्यांनी स्वतः नळीतून काढून मला दाखवली होती, म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

भांडून झाल्यावर आता मातीतल्याच जिवाणूंकडून काम करून घ्यायचं ठरलंय. एक ग्रॅम बेंझीन संपवायला साधारण ३ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि पाण्यात मावतो लिटरला जेमतेम ८-१० मिलिग्रॅम, म्हणून हवा हळूहळू पण बराच काळ सोडत राहायची. वेळ लागणार. हे पहिल्याच मीटिंगला सांगितलं असतं तर मी कुरकुरलो असतो पण ऐकलं असतं, 'सहा महिन्यांत क्लीन' हे शब्द त्यांचे होते, माझे नाहीत.

तपासणीसाठी यांना डोळे झाकून बोलवा. सफाईचा करार करताना मात्र शेवटचा हप्ता मशीन बंद झाल्यानंतरच्या आकड्यांना बांधून घ्या, बंद झाल्याच्या पहिल्या दिवसाच्या नाही, काही महिन्यांनंतरच्या. सफाईला मी पाचपैकी अडीच देतोय, ते अर्धं पण बाईंनी शेवटी चूक कबूल केली म्हणून. पुढचे नमुने पाणी वर चढल्यावर घ्यायचे, आणि तोच बाटलीवाला पोरगा पाठवा असं सांगून ठेवलंय.