फ्लिपर रिबिल्ड किट: जुन्या पिनबॉलवर पहिला खर्च इथे करा

जुनं पिनबॉल मशीन घरी दुरुस्त करायला घेतलं की सगळ्यांचं लक्ष आधी बॅकग्लास (मागच्या उभ्या पेटीवरची चित्राची काच), कॅबिनेटचा रंग आणि दिव्यांकडे जातं, साहजिकच आहे म्हणा, जे दिसतं त्याचीच आधी काळजी वाटते. पण माझं मत विचाराल तर पहिला खर्च फ्लिपरवर, म्हणजे बटण दाबलं की बॉलला वर फटकावणाऱ्या दांड्यांवर करा, बाकी सगळं थांबू शकतं. मी हे दोन फ्लिपरचं रिबिल्ड किट बॅली कंपनीच्या सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या सॉलिड-स्टेट (इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणाऱ्या) मशीनवर बसवलं आणि फरक इतका आहे की बॉल आधी अर्ध्यातून घरंगळत परत यायचा तो आता सरळ वरच्या लेनपर्यंत जातो. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे सांगतो.

किटमध्ये काय काय येतं तर प्लंजर (करंट मिळाला की कॉइलमध्ये ओढला जाणारा लोखंडी दांडा) आणि त्याला जोडलेली लिंक, कॉइलच्या आत बसणारी नायलॉनची स्लीव्ह, कॉइल स्टॉप, रिटर्न स्प्रिंग, नवीन बुशिंग (फ्लिपरचा दांडा ज्यात फिरतो ती बाही), एंड-ऑफ-स्ट्रोक स्विच म्हणजे ज्याला सगळे ईओएस म्हणतात तो, आणि स्क्रू. कॉइल येत नाही, आणि बहुतेक वेळा लागतही नाही. फ्लिपर ढिला पडला की लोक आधी नवीन कॉइल मागवतात, पण कॉइल म्हणजे तारेचे वेढे, ते एकतर शाबूत असतात नाहीतर जळलेले असतात, वापरून वापरून झिजत नाहीत. झिजतात ते हलणारे पार्ट.

जुना प्लंजर बाहेर काढला तेव्हा हे अगदी डोळ्याला दिसलं. प्लंजरचं टोक दर फटक्याला स्टॉपवर आदळतं, तसं वर्षानुवर्षं आदळून ते चेपून कडेने पसरलेलं होतं, कडेला बोट फिरवलं तर खरखरीत ओठ लागत होता, आणि तो ओठ स्लीव्हच्या आतून घासत जात होता. लिंकचं भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालेलं, त्यामुळे प्लंजर सरकायला लागला तरी बॅट (फ्लिपरचा बॉलला लागणारा भाग) जरा उशिरा हलायची. म्हणजे जोर तयार होत होता पण बॉलपर्यंत पोचतच नव्हता. काही लोक ते टोक कानशीने घासून परत वापरतात, तात्पुरतं चालतं, पण मग प्लंजर आखूड होतो आणि स्ट्रोक बदलतो. नवीनच टाका.

स्टॉपचंही तेच. बरेच जण प्लंजर बदलतात आणि जुना चेपलेला स्टॉप तसाच ठेवतात, मग नवीन प्लंजरचं टोक लवकर खराब होतं. या किटमधले स्टॉप चांगले जाड आहेत, ब्रॅकेटवर घट्ट बसले, हलत नाहीत. स्लीव्हही व्यवस्थित गेली, कॉइलमध्ये हाताने दाबली की बसते. जुनी स्लीव्ह मात्र कॉइलमधून निघता निघत नसेल तर समजा की ती कॉइल कधीतरी भरपूर तापलेली आहे, मग कॉइलपण बदला. आणि कृपा करून आत तेल किंवा ग्रीस घालू नका! नायलॉनची स्लीव्ह कोरडीच चालवायची असते, तेलात धूळ बसते, त्याचा काळा चिखल होतो आणि प्लंजर अडकायला लागतो. आधीच्या कुणीतरी घातलं असेल तर सगळं पुसून काढूनच किट बसवा.

आता तो कापलेला स्टार, म्हणजे ईओएस स्विच. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेढे असतात, एक जाड तारेचा जो फटका मारतो आणि एक बारीक तारेचा जो बटण दाबून ठेवलं की बॅट वर धरून ठेवतो. बॅट पूर्ण वर गेली की ईओएस उघडतो आणि जोराचा करंट कमी होतो. हा स्विच उघडलाच नाही तर कॉइल तापून जळते किंवा फ्यूज उडतो, आणि कॉन्टॅक्ट काळे पडून नीट जुळले नाहीत तर फ्लिपर मरगळल्यासारखा उठतो. म्हणजे एवढीशी पट्टी, पण सगळा खेळ तिच्यावर. किटमधल्या स्विचच्या पट्ट्या फारच मऊ आहेत, बरोबर गॅप लावून मशीन थोडं खेळलं की एका बाजूची गॅप हलायची, परत उचला प्लेफील्ड (बॉल ज्यावर फिरतो ती फळी), परत वाकवा. शेवटी त्या बाजूला वेगळा, कडक पट्टीचा स्विच मागवून लावला, तेव्हापासून शांतता आहे. किटसोबत एक कागदपण नाही की गॅप किती ठेवायची, जे नवीन माणसाला नक्की लागतं. बॅट पूर्ण वर धरल्यावर साधारण दीड ते तीन मिलिमीटर उघडला पाहिजे, हाताने बॅट उचलून बघा, स्विच अगदी शेवटी उघडायला हवा, अर्ध्यात नाही.

जुने ईओएस ठेवणार असाल तर त्यांचे टंगस्टनचे कॉन्टॅक्ट बारीक कानशीने घासलेले चालतात, पण प्लेफील्डवरच्या टार्गेट-रोलओव्हरच्या (बॉल आपटला किंवा वरून गेला की लागणाऱ्या) स्विचना कानशी अजिबात लावू नका, त्यावर सोन्याचा पातळ थर असतो, तो गेला की संपलं. तिथे फक्त साधं जाड कार्ड कॉन्टॅक्टमध्ये धरून ओढायचं, बास.

बुशिंगबद्दल एकच सांगतो, बॅट घट्ट करताना खालून क्रँक (बॅटच्या दांड्याला लिंकशी जोडणारा तुकडा) अगदी चिकटवून बसवू नका, बॅटला वर-खाली किंचित मोकळीक हवी, नाहीतर बुशिंगवर घासून परत तीच ढिलाई.

मी फ्लिपरचा एवढा आग्रह का धरतो? कारण 1947 साली गॉटलिब कंपनीच्या हम्प्टी डम्प्टी मशीनमध्ये फ्लिपर आले (सहा होते तेव्हा, दोन्ही कडांना तीन-तीन) त्याच्या आधी बॉल एकदा सोडला की मशीन ढकलण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हातात फार काही नव्हतं. पुढच्याच वर्षी जेन्कोच्या ट्रिपल अ‍ॅक्शनमध्ये खाली दोनच फ्लिपर आले आणि ती मांडणी आजपर्यंत टिकली. न्यूयॉर्कमध्ये तर पिनबॉल हा जुगार समजून त्यावर बंदी होती, ती 1976 मध्ये उठली, आणि उठली ती हा कौशल्याचा खेळ आहे हे पटल्यावर. ते कौशल्य फ्लिपरमधूनच येतं, मग मशीन कितीही चकाचक केलं आणि बॅट मरगळलेली असेल तर समोर उभं राहून करायचं काय?

किटसोबत रबर रिंग येत नाहीत, त्या वेगळ्या घ्या आणि एकदमच घ्या, कारण प्लेफील्डवरचं प्लास्टिक उतरवलेलंच असतं. पांढऱ्या घ्या असं मी म्हणेन, काळ्या जरा कडक असतात आणि त्यांची काळी पूड प्लेफील्डभर होते. उतरवलेल्या प्लास्टिकला नोव्हस 2 हे प्लास्टिकचं पॉलिश लावा, मस्त काम करतं. प्लेफील्डच्या रंगाला चिरा असतील तर मात्र तिथे पॉलिश नको, चिरांमध्ये पांढरं भरून बसतं आणि मग निघत नाही.

बसवताना काळजी म्हणाल तर प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसतं स्विच बंद पुरेसं नाही, आणि प्लेफील्ड उचलायच्या आधी बॉल बाहेर काढा, 80 ग्रॅमचा पोलादी गोळा घरंगळत बॅकग्लासवर आपटला तर नवीन बॅकग्लास शोधत फिराल. वायरी काढायच्या आधी फोटो काढा. कॉइलवरच्या डायोडची पट्टी कुठल्या बाजूला आहे तेपण फोटोत स्पष्ट येऊ दे, कारण कॉइल बदलायची वेळ आली तर नवीन कॉइलवर वायरी उलट लागल्या की डायोड जातो. आणि हो, या काळातल्या बॅलीत बोर्डवर रिचार्जेबल बॅटरी असते, ती गळून बोर्ड खाते, तर बॅकबॉक्स (बॅकग्लासमागची पेटी) उघडलाच आहे तर किटला हात लावायच्या आधी ती कापून बाहेर काढा, हिरवट डाग दिसत असतील तर पुसून घ्या, फ्लिपर त्यानंतर.