ॲडव्हाइस की ॲडव्हाइज?

‘प्लीज ॲडव्हाइस’ लिहिलेले मेल ऑफिसांत रोज फिरतात. साधं स्पेलचेक त्यांना अडवत नाही, कारण सुटे शब्द म्हणून दोन्ही बरोबरच आहेत.

शेवटी सी-ई असेल तर ॲडव्हाइस, म्हणजे सल्ला, हे नाम. एस-ई असेल तर ॲडव्हाइज, म्हणजे सल्ला देणं, हे क्रियापद. उच्चारही वेगळे आहेत, आणि ते कानात बसले की स्पेलिंग फारसं चुकत नाही. पहिल्याचा शेवट ‘आइस’सारखा, दुसऱ्याचा ‘वाइज’सारखा, म्हणजे ‘मजा’तल्या ज-चा. ‘आइस’ सी-ईनेच संपतं आणि ‘वाइज’ एस-ईने, ही आयती सोय.

लिहिताना अडलात तर आधीचा शब्द बघा. प्लीज, विल, शुड, कॅन यांच्यानंतर ॲडव्हाइज. माय, युअर, सम, गुड यांच्यानंतर ॲडव्हाइस. ‘टू’वर मात्र विसंबू नका: ‘आय वुड लाइक टू ॲडव्हाइज यू’ इथे क्रियापद आहे, पण ‘ही डिडन्ट लिसन टू ॲडव्हाइस’ इथे नाम.

आपल्याकडे जास्त चुकतं ते अनेकवचन. मराठीत चार सल्ले मिळतात, इंग्रजीत ॲडव्हाइस मोजता येत नाही. त्यामुळे ‘ॲन ॲडव्हाइस’ आणि ‘मेनी ॲडव्हाइसेस’ दोन्ही चूक. ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘अ लॉट ऑफ ॲडव्हाइस’ म्हणा. अपवाद बँकेतला: क्रेडिट ॲडव्हाइस, पेमेंट ॲडव्हाइस यांत त्याचा अर्थ सूचनापत्र, आणि ती मोजता येतात.

क्रियापदाची रचनाही सांभाळावी लागते. ‘द डॉक्टर ॲडव्हाइज्ड मी टू रेस्ट’ बरोबर. यातला ‘टू’ गाळायचा नाही. याच साच्यात ‘सजेस्ट’ घालून ‘सजेस्टेड मी टू रेस्ट’ केलं की वाक्य बिघडतं, तिथे ‘सजेस्टेड दॅट आय रेस्ट’ हवं. व्यवहाराच्या पत्रांत ॲडव्हाइज ‘कळवणे’ या अर्थानेही येतं: ‘प्लीज ॲडव्हाइज द डिलिव्हरी डेट’. मित्राला लिहिताना ते फार सरकारी वाटतं. तिथे सरळ ‘टेल मी’ लिहावं.

‘प्रॅक्टिस’चंही असंच आहे, पण फक्त ब्रिटिश स्पेलिंगमध्ये: नामाला सी, क्रियापदाला एस. अमेरिकन लोक दोन्हीकडे सी लिहितात. ॲडव्हाइस-ॲडव्हाइजमध्ये मात्र ही सवलत अमेरिकेतही नाही.