मातीचं परळ की स्टीलचं भांडं?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कुत्र्यासाठी अंगणात पाणी कशात ठेवायचं हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नसतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून तो अंग थंड करतो, आणि त्यात पाणी खर्ची पडतं. एरवी किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली लागतं, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटरभर. उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त.

स्टीलचं भांडं घासायला सोपं, पडलं तरी फुटत नाही. पण ऊन लागलं की पाणी लगेच तापतं, मग तहानलेला कुत्राही तोंड लावून मागे फिरतो. शिवाय हलकं, पंजा लागला की उपडं.

परळ पाझरतं, ओलाव्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे छान जमतं, कोकणच्या दमट हवेत तितकं नाही. (रंगवलेलं परळ दिसायला देखणं, पण छिद्रं बुजलेली. घेऊ नका.) खोट एवढीच की आत बुळबुळीत थर धरतो. रोज नारळाच्या शेंडीने घासावं. साबण नको, तो मातीत मुरतो.

माझा कौल अंगणातल्या सावलीत परळाला. घरात, प्रवासात स्टील चालेल. हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या किंवा कुत्रा झोकांड्या खाऊ लागला, तर मात्र तडक पशुवैद्य गाठा.