डीएमएलटीला प्रवेश घेताय? आधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे तालुक्याच्या गावात बसस्टँडपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पाट्या लागतात. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), दोन वर्षं, शंभर टक्के नोकरी. 2019 साली अशीच एक पाटी वाचून अण्णा मला परभणीला घेऊन गेले. नीटला मार्क कमी पडले होते, पण लॅबचं काम मला मनापासून आवडायचं. लहानपणी आजीला मलेरिया झाला तेव्हा लॅबमधल्या ताईंनी मला सूक्ष्मदर्शकातून लाल पेशींत बसलेल्या निळसर अंगठ्या दाखवल्या होत्या. तेव्हापासून तेच डोक्यात होतं.

संस्था दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होती. संस्था चालवणाऱ्या सरांच्या खुर्चीमागे भिंतीवर तीन फ्रेम. अण्णांनी विचारलं, "सर, मान्यता आहे ना?" सर मागे न वळताच म्हणाले, "काका, ते काय वर लावलंय. शासनाची नोंदणी आहे. पोरीला नोकरी लागली म्हणूनच समजा. नाहीतर स्वतःची लॅब टाकेल, रिपोर्टवर स्वतःची सही करेल." अण्णा सातवी शिकलेले. त्यांनी शिक्का बघितला, सही बघितली आणि सोयाबीनचे आलेले पैसे पुढे केले. वर्षाला 45 हजार, सगळे रोख. टीसी आणि बारावीचं मूळ मार्कशीट सरांनी ठेवून घेतलं.

त्या तीन फ्रेमांत नेमकं काय लिहिलंय, ते मी वाचलं दोन वर्षांनी. पहिली संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खालची. त्या कायद्याखाली कुठलीही सात माणसं एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात, क्रीडा मंडळंसुद्धा. त्या कागदाने लॅब टेक्निशियन घडवायचा अधिकार मिळत नाही. दुसरं आयएसओ 9001 चं प्रमाणपत्र. ते संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळतं, अभ्यासक्रमाला नाही. तिसरं परराज्यातल्या एका विद्यापीठाशी 'टाय-अप' असल्याचं पत्र. म्हणजे आम्ही परभणीत बसून कागदावर त्या विद्यापीठाचे दूरस्थ विद्यार्थी होतो, आणि परावैद्यक (पॅरामेडिकल) विषय दूरस्थ पद्धतीने शिकवायला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगीच नाही. तिन्ही कागद खरे असतील. मान्यता मात्र त्यातल्या एकातही नव्हती.

दोन वर्षांत काय शिकवलं? एक जुना सूक्ष्मदर्शक, थोड्या काचपट्ट्या, झेरॉक्स नोट्स. 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि उरलेली प्रॅक्टिकल मोबाईलवर झाली. परीक्षेला पुस्तकं उघडी ठेवून लिहायला सांगितलं. खरं सांगते, तेव्हा आम्हाला ते बरं वाटलं. आज त्याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

2021 मध्ये कोरोनामुळे लॅबना माणसं हवी होती, म्हणून एका लहान लॅबमध्ये साडेचार हजारांवर लागले. दुसऱ्या आठवड्यात एका आजोबांचं रक्त घेताना लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये सॅम्पल कमी आलं. सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या चाचणीची, जांभळ्या टोपणाची ट्यूब चांगली भरलेली होती. मी त्यातलं थोडं लाल ट्यूबमध्ये ओतलं. रक्त एकाच माणसाचं, मग काय बिघडतं, असं मला वाटलं.

पोटॅशियम आलं अकराच्या वर. ते साधारण साडेतीन ते पाचच्या आसपास असायला हवं. कॅल्शियम तीनच्या खाली, म्हणजे फारच कमी. आमच्या सीनियर ताई रिपोर्ट हातात घेऊन थेट बाहेर गेल्या. आजोबा बाकावर बसून मुलाशी गप्पा मारत होते, म्हणजे आकडे खोटे होते. परत येऊन ताईंनी एवढंच विचारलं, "जांभळ्या ट्यूबमधलं ओतलंस का गं?" जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमयुक्त ईडीटीए नावाचं रसायन असतं. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि पोटॅशियम तर त्याच्यातच असतं. तो रिपोर्ट तसाच गेला असता तर त्या माणसाला नको ते औषध दिलं गेलं असतं. ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी ट्यूब एका ओळीत मांडून आधी निळी, मग लाल, मग जांभळी, शेवटी करडी, असा रक्त भरण्याचा क्रम समजावला. निळीत खुणेपर्यंत रक्त भरायचं, कारण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (निळ्या ट्यूबमधलं रसायन) हे प्रमाण चुकलं तर पीटीचा, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा, रिपोर्ट चुकतो. साखरेचं रक्त करड्या ट्यूबमध्येच, नाहीतर पेशी ट्यूबमध्येसुद्धा साखर वापरत राहतात. हे सगळं मला वर्गात कुणीच सांगितलं नव्हतं.

पुढे सरकारी कंत्राटी भरतीचा अर्ज भरायला गेले, तर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागितला. त्या परिषदेचं नावही मी पहिल्यांदाच ऐकत होते. राज्यात तिचा 2011 चा कायदा आहे, आणि माझ्या प्रमाणपत्रावर तिथे नोंदणी होऊ शकत नव्हती. स्वतःच्या सहीचं स्वप्नही खोटंच निघालं. डिसेंबर 2017 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच रिपोर्टवर सही करायची. सरांनी आम्हाला ती थाप 2019 मध्ये मारली.

म्हणून प्रवेशाआधी 'मान्यता आहे का' असं मोघम विचारू नका. हा कोर्स झाल्यावर परावैद्यक परिषदेत माझी नोंदणी होईल का, एवढं विचारा आणि उत्तर संस्थेकडून लेखी घ्या. मग तोच प्रश्न परिषदेलाही विचारा. विद्यापीठाचं नाव सांगितलं तर त्या विद्यापीठाच्या संलग्न संस्थांच्या यादीत कॉलेज स्वतः शोधा. प्रॅक्टिकल कुठल्या रुग्णालयात होतात ते विचारा आणि तिथे जाऊन या. मूळ कागद कुणाकडे ठेवू नका. माझे परत मिळवायला चार हेलपाटे आणि वर सहा हजार लागले. पावतीवर काय लिहिलंय तेही तिथेच वाचा. आमच्या सगळ्या पावत्यांवर 'देणगी' लिहिलेलं होतं. पैसे परत मागितले तेव्हा सर म्हणाले, "फी घेतलीच कुठे? तुम्ही तर संस्थेला देणगी दिलीत."

2022 मध्ये मी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या परावैद्यक पदवीला, लॅबच्याच शाखेत, नव्याने प्रवेश घेतला. तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. माझ्याबरोबरच्या मुली माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. अण्णा त्या पैशांबद्दल कधी बोलत नाहीत, आणि तेच मला जास्त लागतं.

ती संस्था अजून चालू आहे, फक्त पाटीवरचं नाव बदललंय. आम्ही चौघींनी पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. माझ्या पावत्या, फ्रेमांचे फोटो, सरांचे मेसेज सगळं जपून ठेवलंय. 2019 च्या त्या बॅचमधलं कुणी हे वाचत असेल, तर तुमच्या पावत्या फाडू नका. तक्रारीत अजून नावं घालता येतील.