अमेरिकेतलं शहर कसं बदलतंय ते शोधताना: सेन्सस ब्युरोच्या डेटा पोर्टलचं परीक्षण

स्थलांतरामुळे अमेरिकेतलं एखादं शहर किती बदललं, याचं उत्तर सरकारी तक्त्यांतून फुकट मिळण्याची मुख्य जागा म्हणजे 'डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह', म्हणजे सेन्सस ब्युरोचं (अमेरिकेच्या जनगणना खात्याचं) संकेतस्थळ. २०१९ मध्ये हे पोर्टल आलं आणि २०२० मध्ये जुनं 'अमेरिकन फॅक्टफाइंडर' बंद झालं. इथल्या माहितीला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत, मांडणीला मात्र काठावर पास.

पहिली गोष्ट, जन्मदेश शोधायला दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत जाऊ नका. हा प्रश्न आता तिथे नसतो. तो असतो 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे'त, जो दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर पाठवला जातो. जन्मस्थान, नागरिकत्व, अमेरिकेत आल्याचं वर्ष, घरात बोलली जाणारी भाषा, वर्षापूर्वी कुठे राहत होता, हे सगळं त्यात विचारतात. व्हिसा किंवा कागदपत्रांबद्दल काहीच विचारत नाहीत, त्यामुळे बेकायदा राहणाऱ्यांचा आकडा इथे शोधू नये.

शोधखिडकीत 'इमिग्रंट्स' वगैरे लिहिलं की तक्त्यांचा ढीग समोर येतो. त्यापेक्षा थेट तक्त्याचा क्रमांक टाकावा. जन्मदेशासाठी बी०५००६, आशियाई गटांसाठी बी०२०१५, भाषेसाठी बी१६००१, वर्षभरातल्या स्थलांतरासाठी बी०७००१. मग भूगोल निवडावा. न्यू जर्सीतलं एडिसन 'प्लेस'खाली, म्हणजे शहरं-गावांच्या यादीत, मिळत नाही. ती टाउनशिप असल्याने 'काउंटी सबडिव्हिजन' (काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, पोटविभाग), मग मिडलसेक्स काउंटी, या वाटेने जावं लागतं. नवखा माणूस इथेच अडकतो, आणि पोर्टल त्याला काही सुचवत नाही.

त्यानंतर सर्व्हेच्या एका वर्षाच्या उत्तरांवरचे अंदाज घ्यायचे की पाच वर्षांची उत्तरं एकत्र करून काढलेले, हा निर्णय. एक वर्षाचे अंदाज ६५,००० किंवा जास्त वस्तीच्या जागांनाच मिळतात. मिशिगनमधलं हॅमट्रॅमॅक एकेकाळी पोलिश कामगारांचं गाव होतं, आता तिथे येमेनी आणि बांगलादेशी वस्ती मोठी आहे. २०१० मध्ये २२,४२३ असलेली लोकसंख्या २०२० मध्ये २८,४३३ झाली. तरीही ते ६५,००० च्या खालीच, म्हणजे पाच वर्षांचेच अंदाज घ्यावे लागणार. मोठ्या शहरांतही बी०५००६ चा एक वर्षाचा तक्ता पुष्कळदा रिकामा येतो, कारण बऱ्याच ओळी अविश्वसनीय ठरल्या की ब्युरो तो तक्ताच रोखतो.

तुलना करताना पाच वर्षांचे संच एकमेकांत मिसळलेले नकोत. २०१४–१८ विरुद्ध २०१९–२३ चालेल, २०१७–२१ विरुद्ध २०१९–२३ नाही, कारण मधली तीन वर्षं दोन्हींत आहेत. मोहल्ल्याच्या पातळीवर, म्हणजे ट्रॅक्टवर, आणखी एक पेच आहे: २०१४–१८ चा संच २०१० च्या सीमांवर आहे, २०१९–२३ चा २०२० च्या. आधी ब्युरोच्या रिलेशनशिप फाइल्सनी (जुन्या ट्रॅक्टचा नव्याशी मेळ दाखवणाऱ्या याद्यांनी) ट्रॅक्ट जुळवा, नाहीतर सीमा हललेली असते आणि आपण माणसं हलली असं लिहून बसतो.

आकड्याशेजारचा ±, म्हणजे अंदाज किती चुकू शकतो ते सांगणारा, हा सगळ्यात महत्त्वाचा रकाना, आणि घाईघाईत पहिला उडवला जातो तो हाच. तो ९० टक्के विश्वासपातळीचा असतो. समजा अंदाज ४०० आणि ± ३०० आहे. ३०० ला १.६४५ ने भागलं की प्रमाणित त्रुटी (स्टँडर्ड एरर) मिळते, १८२, म्हणजे अंदाजाच्या सुमारे ४६ टक्के. इतक्या ढिल्या आकड्यावर बातमी करू नये. शेजारचे ट्रॅक्ट एकत्र करा किंवा काउंटी घ्या. दोन काळांतला फरक पाहायचा तर दोन्ही ± चे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा; फरक त्याहून मोठा असेल तरच बदल झाला म्हणा.

बी०५००६ मध्ये अमेरिकेत जन्मलेली मुलं येत नाहीत, पोर्तो रिकोत जन्मलेलेही नाहीत. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या रिचमंड हिलचे भारतीय वंशाचे गयानीज (दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाचे) तिथे गयानाखाली दिसतात. बी०२०१५ मध्ये ते 'एशियन इंडियन'मध्ये येतात, पण त्यांनी तसं नोंदवलं असेल तरच. म्हणून दोन्ही तक्ते शेजारी ठेवूनच वाचावेत.

मराठीचं काय? बी१६००१ मध्ये ती 'नेपाळी, मराठी आणि इतर इंडिक' अशा एका ओळीत कोंबलेली आहे. ट्रॅक्टसाठी उरतो सी१६००१. त्यात इंग्रजी सोडून बाराच गट, मराठी 'इतर इंडो-युरोपीय'मध्ये आणि तेलुगू 'इतर आशियाई'मध्ये. मराठी शाळा कुठे काढावी याचा विचार करणाऱ्या मंडळाला हे तक्ते पुरत नाहीत. त्यांनी याच पोर्टलच्या मायक्रोडेटा (नावं काढून टाकलेल्या एकेका माणसाच्या नोंदी) साधनात जावं, भाषेचा चल एलएएनपी निवडावा, वजन (एक नोंद किती माणसांच्या जागी धरायची तो आकडा) म्हणून पीडब्ल्यूजीटीपी लावावं आणि भूगोल पूमा ठेवावा. पूमा म्हणजे किमान एक लाख वस्तीचा भाग. इथे मराठी स्वतंत्र मिळते.

डाउनलोडही सांभाळून करावं. पडद्यावरच्या तक्त्याची सीएसव्ही घेतली तर स्वल्पविराम आणि ± मुळे एक्सेल आकड्यांना मजकूर समजतं. झिप घेतलेली बरी. वर्षागणिक देशांच्या ओळींचे क्रमांक सरकतात, त्यामुळे जुळणी क्रमांकाने न करता नावाने करा.

२०२४ चे आकडे वापरताना आणखी एक खबरदारी. डिसेंबर २०२४ मध्ये ब्युरोने स्थलांतर मोजण्याची पद्धत सुधारली आणि २०२२–२३ चं निव्वळ आंतरराष्ट्रीय स्थलांतर ११ लाखांवरून २३ लाखांवर नेलं. सर्व्हेचं वजन याच अंदाजांवर बेततात. २०२३ आणि २०२४ च्या एक वर्षाच्या आकड्यांत उडी दिसली, तर तिचा काही भाग पद्धतीचा असू शकतो, हे तक्त्याखाली लिहून टाकावं.