गिटहबचे हिरवे चौकोन आणि उमेदवाराची पारख

पुण्यातील आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत गेली चार वर्षे अर्जासोबत गिटहबची (प्रोग्रामर आपला कोड ठेवतात आणि इतरांसोबत लिहितात त्या संकेतस्थळाची) लिंक मागवली जाते, आणि उमेदवाराची पारख करण्याचे साधन म्हणून हे प्रोफाइल कितपत उपयोगी पडते, याविषयी आता थोडे ठामपणे लिहिता येईल.

प्रोफाइल उघडताच नजरेत भरतो तो वर्षभराच्या कामाचा हिरव्या चौकोनांचा तक्ता, आणि नेमका तोच सर्वांत कमी भरवशाचा आहे. कमिटची (कोडमधील बदलाच्या नोंदीची) तारीख ज्याच्या त्याच्या संगणकावर ठरते आणि हवी तेवढी मागे नेता येते, त्यामुळे एका दुपारीत वर्षभराची हिरवळ फुलवता येते; उलट मन लावून केलेले काम खात्याशी न जोडलेल्या ईमेलवरून गेले किंवा फोर्कमध्येच (दुसऱ्याच्या प्रकल्पाच्या स्वतःच्या प्रतीतच) राहिले, तर तक्त्यात त्याचा मागमूसही नसतो. सलग किती दिवस काम केले हे मिरवणारा आकडा गिटहबने २०१६ मध्ये काढून टाकला, ते बरेच झाले. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (खुल्या प्रकल्पांना हातभार लावण्याच्या ऑक्टोबरमधील उपक्रमात) तर फुकटच्या टी-शर्टसाठी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) एखादा शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टचा (आपला बदल प्रकल्पात घ्यावा या विनंत्यांचा) असा पूर आला, की आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलावे लागले.

खरा ऐवज पुल रिक्वेस्टखालच्या चर्चेत असतो. एका उमेदवार मुलीने तारखांच्या हिशेबातील चूक अवघ्या अकरा ओळींत दुरुस्त केली होती. तपासणाऱ्याने लीप वर्षाविषयी विचारताच तिने ‘हे माझ्या लक्षात आले नव्हते’ असे सरळ लिहिले आणि २९ फेब्रुवारीची टेस्ट (कोड आपोआप तपासणारी चाचणी) जोडली. कोड कोणी (हल्ली, कशाने) लिहिला हा संशय कायम राहतो. पण आक्षेपाला असे उत्तर देणारा माणूस तासाभराच्या मुलाखतीतही क्वचितच सापडतो.

मोठी अडचण रिकाम्या प्रोफाइलची आहे. सर्व्हिस कंपन्यांत दहा वर्षे घालवलेल्यांचा कोड क्लायंटच्या मालकीचा असतो, आणि खाजगी काम तक्त्यात दाखवायचे ठरवले तरी बाहेरच्याला फक्त संख्या दिसते, कोड नव्हे. घर, मुले आणि लोकल सांभाळून रात्री ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांवर काम करणे सर्वांनाच जमत नाही. आज आमचा डेटाबेस ज्यांच्या जिवावर चालतो, त्या बाईंचा अर्ज आम्ही पहिल्याच चाळणीत बाजूला टाकला होता. एका सहकाऱ्याने हट्ट धरला म्हणून त्यांना बोलावले. तेव्हापासून लिंक देणे ऐच्छिक आहे, आणि ती न देणाऱ्याला आमच्याच जुन्या कोडमधील एक बग शोधायला देऊन आम्ही शेजारी बसतो.