लेगोची एक्स्प्रेस रेल्वे : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात लेगोचा 60337 नंबरचा एक्स्प्रेस पॅसेंजर ट्रेनचा सेट घेतला, आता उन्हाळा संपत आलाय. घेतला तो स्वतःसाठीच. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय. या सेटचे पैसे वसूल होतात ते मोटर, बॅटरीचा हब आणि रुळांमुळे. बाहेरची गाडी देखणी आहे, 764 तुकड्यांची जुळणी सुबक आहे, पण ती मोडून आपल्या ओळखीची गाडी बांधायला घेतली की हा छंद खऱ्या अर्थाने सुरू होतो.

आधी जागेबद्दल, कारण सांगलीतल्या साध्या टू बीएचकेत पहिला प्रश्न तोच येतो. लेगोच्या वळणाची त्रिज्या एकच असते, 40 स्टड (तुकड्यावरचा गोल उंचवटा म्हणजे स्टड, लेगोत मोजमाप त्याच्यावरच चालतं) म्हणजे 320 मिमी. सोळा वळणं जोडली की पूर्ण गोल होतो आणि तो जेमतेम 70 सेंटिमीटर जागा खातो. सरळ रुळाचा एक तुकडा 16 स्टडचा, म्हणजे 128 मिमी. तेव्हा पलंगाखालून, दिवाणाला वळसा घालून गाडी आरामात फिरते. आमच्याकडे जुनी शहाबादी फरशी आहे. तिच्या सांध्यांवर रूळ थोडा जरी उचलला गेला तरी इंजिनाचं पुढचं चाक तिथेच अडखळतं. रुळाखाली पातळ फोमशीट अंथरली आणि तो त्रास संपला. आणखी एक गोष्ट: डावं वळण संपल्या संपल्या उजवं वळण जोडू नका. मध्ये एक तरी सरळ तुकडा हवा, नाहीतर मागचे डबे एकमेकांना ओढून रुळावरून उतरतात.

हबमध्ये ट्रिपल ए आकाराचे 6 सेल लागतात, रिमोटमध्ये 4. रोज फिरवणाऱ्या माणसाला हा खर्च जाणवतो. मी चार्जिंगच्या सेलवर गेलो. साध्या अल्कलाइन सेलचा 1.5 व्होल्ट धरला तर सहांचे 9 होतात, चार्जिंगवाले 1.2 व्होल्टचे, म्हणजे 7.2. वेग थोडा कमी मिळतो, आणि मला तो जास्त आवडतो. भरधाव धावणाऱ्या खेळण्यापेक्षा स्टेशनात शिरणारी गाडी बघायला बरी वाटते. रिमोटवर अधिकचं बटण एकेक दाबत न्यायचं, घाई करायची नाही. डबे चुंबकाने जोडलेले असतात, एकदम जोर दिला की मधूनच सुटतात.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर साधारण 37.5 मिमी. आपलं ब्रॉडगेज 1676 मिमी. भागाकार केला की प्रमाण 1:45 च्या आसपास येतं. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या निळ्या (आयसीएफ) डब्याची रुंदी 3.25 मीटरच्या जवळपास, ती या प्रमाणात 72 मिमी होते, म्हणजे बरोबर 9 स्टड! हे गणित कागदावर जुळलं त्या रात्री मी उशिरापर्यंत जागा होतो. पण लांबी घात करते. 21 मीटरचा डबा 59 स्टडचा होतो, आणि तेवढा डबा 40 स्टडच्या वळणावर घातला की मधलं पोट आत, दोन्ही टोकं बाहेर, शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभीच करता येत नाही. कोयना एक्स्प्रेस प्रमाणात बांधायची तर मोठ्या त्रिज्येची वळणं हवीत. ती इतर उत्पादक करतात, पण तो वेगळा खर्च आणि वेगळी जागा.

म्हणून मी आखूड वाघिणींकडे, म्हणजे मालगाडीच्या डब्यांकडे वळलो, आणि सांगली-मिरजेच्या माणसाला अशा वेळी एकच गाडी आठवते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला कृष्णेचं पाणी घेऊन गेलेली जलदूत. पहिल्या फेरीत 10 वाघिणी होत्या आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी, पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली. हे आपल्या डोळ्यांसमोर घडलंय, त्याचं मॉडेल दुकानात मिळणार नाही. ते आपणच बांधायला हवं.

टाकी गोल करणं हे यातलं सगळ्यात सुंदर काम. लेगोची प्लेट, म्हणजे पातळ चपटा तुकडा, 3.2 मिमी उंच असते, पाच प्लेटा रचल्या की 16 मिमी होतात. दोन स्टडांची रुंदीही 16 मिमीच. या एका मेळामुळे तुकडे आडवे लावले तरी कुठे फट राहत नाही. मी मधे प्लेटांचा कणा केला, त्यात बाजूला स्टड असलेल्या ब्रिका बसवल्या आणि चारही बाजूंनी वक्र उतरते तुकडे चढवले. शेवटचा तुकडा दाबताना ‘टक्’ असा जो आवाज येतो, तो आला की टाकी बसली. शेजारचे काका मिरज यार्डातून निवृत्त झालेत. पहिली वाघीण हातात घेऊन त्यांनी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, “वर झाकण हाय, पण माणूस चढायचा कुठनं? शिडी लाव की.” शिडी लावली, वरून चालायची जाळीही लावली. आता ते येतात ते थेट गाडीजवळच बसतात.

इंजिन स्वतः बांधणार असाल तर हब मोटरच्या डोक्यावर येईल असं बघा. सेलचं वजन चाकांवर पडलं तरच पकड मिळते. छप्पर झटकन निघणारं ठेवा, कारण सेल वारंवार काढावे लागतात. माझं डिझेल इंजिन 8 स्टड रुंद आहे आणि पाच टाक्या सपाटीवर सहज ओढतं.

निगा फार लागत नाही, पण लागते. मोटरच्या चाकांवर बारीक रबरी कडी असते, तिच्यावर धूळ बसली की चाक जागेवर फिरत राहतं. ओल्या फडक्याने पुसलं की झालं. आसात केस गुंडाळले जातात, ते चिमट्याने काढायचे. पांढरे तुकडे उन्हात पिवळे पडतात, म्हणून पश्चिमेच्या खिडकीजवळ काही ठेवू नका.

किंमत जड आहे, हे खरंच. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. सुटे तुकडे परदेशातून मागवले की कुरिअर आणि कस्टम मिळून तुकड्यांच्या किमतीला मागे टाकतात. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला उघडलेलं, तुकडे कमी असलेलं खोकं पाठवलं होतं, तेव्हा खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढाच. आणि आधी स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाडी पूर्ण बांधून बघा, तुकड्यांची यादी तेच काढून देतं. एकदाच नीट ऑर्डर जाते.

ज्यांना तयार गाडी नकोच आहे त्यांनी सुटे भाग बघावेत: हब 88009, रिमोट 88010, मोटर 88011. मी पुढच्या पाच टाक्यांसाठी करडे वक्र तुकडे मागवलेत. पहिल्या फेरीसारखी दहा वाघिणींची गाडी करायची आहे, आणि एका मोटरवर ती वळणावर दमेल असा अंदाज आहे. हबच्या दुसऱ्या पोर्टवर सध्या दिवे आहेत, ते काढून तिथे आणखी एक मोटर जोडणार.